जाळ्यातील विद्या आणि वर्गातील शिक्षक

कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर गगनबावडा वसले आहे. येथून एका बाजूने करूळचा घाट आणि दुसऱ्या बाजूने भुईबावड्याचा घाट कोकणात उतरतो. वर्षाकाठी येथे पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या शिरोळ तालुक्यात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. लोकसंख्येच्या दृष्टीने हा जिल्ह्यातील सर्वांत लहान तालुका. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती सुमारे ३५ हजार भरली होती. भात, नाचणी, नदीकाठचा ऊस आणि मुंबई-पुण्यास नोकरीसाठी गेलेल्यांनी धाडलेला पैसा यांवर येथील संसार चालतो.

अशा मुलखात प्रत्येक सोय उशिरा पोचते, हा नेहमीचा अनुभव आहे. रस्ता उशिरा येतो, वीज उशिरा येते, डॉक्टर येतो तो बदलीची वाट पाहत राहतो, आणि शिक्षकाचीही गोष्ट फारशी वेगळी नसते. परंतु गेल्या दहा वर्षांत एक वस्तू मात्र या नियमाला अपवाद ठरली. पुण्याच्या पेठेतील शिकवणीवर्गात झालेले व्याख्यान त्याच संध्याकाळी गगनबावड्याच्या मुलाच्या हातातील मोबाइलवर दिसू लागले. पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण राज्यभरच्या हजारो उमेदवारांबरोबर टेलिग्रामच्या गटात प्रश्नांची देवघेव करू लागला. दहावीची विद्यार्थिनी अडलेले गणित यूट्यूबवर शोधू लागली, आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी तर हव्या त्या प्रश्नाचे उत्तर हव्या त्या भाषेत लिहून देण्याची सोय केली. अनेक वाड्या-वस्त्यांच्या बाबतीत असे म्हणता येईल की, तेथे पुरेसे शिक्षक पोचण्यापूर्वीच शिकवणी पोचली.

यातून जो प्रश्न उभा राहतो, तो केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. विद्यार्थी जर जाळ्यावरून आणि एकमेकांकडून शिकू लागले असतील, तर शिक्षकाचे काम काय उरते, हा त्याचा वरवरचा अर्थ. त्याच्या तळाशी दुसरा, अधिक व्यावहारिक प्रश्न आहे: ज्या गावात शिक्षक देणे खर्चाचे आहे, तेथे तो द्यावयाचा की नाही? अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात पर्यायी वस्तू आणि पूरक वस्तू असा एक भेद शिकविला जातो. चहा आणि कॉफी या पर्यायी वस्तू. एक स्वस्त झाली की दुसरीची मागणी घटते. चहा आणि साखर या पूरक वस्तू. चहा स्वस्त झाला की साखरेची मागणी वाढते. इंटरनेट हे शिक्षकाच्या संदर्भात कॉफीसारखे आहे की साखरेसारखे, यावर राज्यातील हजारो लहान शाळांचे आणि महाविद्यालयीन पदांचे भवितव्य अवलंबून आहे. दुर्दैवाने या भेदाचा विचार न करताच निर्णय घेतले जात आहेत.

जुनेच भाकीत

शिक्षकाची जागा यंत्र घेईल, हे भाकीत नवे नाही. एडिसनने १९१३ सालीच असे भाकीत केले होते की, चलच्चित्रपटामुळे शाळेतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. पुढे रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली. भारतात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोचविण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. जगाने त्याची दखल घेतली. या प्रयोगातील एक बाब मात्र आज विसरली गेली आहे. मुलांसाठीच्या कार्यक्रमांबरोबरच प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण देण्यासाठीही उपग्रहाचा उपयोग करण्यात आला, आणि हजारो शिक्षकांना त्याचा लाभ झाला. म्हणजे, माध्यमाचा उपयोग शिक्षकाला बाजूला सारण्यासाठी नव्हे, तर त्याचे बळ वाढविण्यासाठी करावयाचा असतो, हे त्या काळच्या नियोजकांना उमगले होते.

महाराष्ट्राने १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन केले, तेव्हाही हाच विवेक दिसला. घरी बसून शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी छापील पुस्तके तयार झाली. परंतु त्याबरोबर गावोगावच्या महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रेही उघडली गेली. दूर राहून शिकणाऱ्यालाही जवळचा कोणीतरी लागतो, हे त्यामागचे गृहीत होते.

२०२० चा धडा

जाळ्यावरच्या शिक्षणाची खरी परीक्षा मात्र कोणत्याही प्रयोगाने घेतली नाही. ती साथीच्या रोगाने घेतली. मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशा नावाने राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने रोजची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून पाठविण्यास प्रारंभ केला. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. हे प्रयत्न प्रामाणिक होते आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांचा परिणाम काय झाला, हे मात्र आकड्यांच्या आधारे पाहिले पाहिजे.

'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीनुसार, देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेले, आणि २०२२ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांवर. साधन इतक्या वेगाने पसरल्याची उदाहरणे क्वचितच आढळतील. तरीही २०२० च्या सप्टेंबरातील पाहणीत, आदल्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेल्या मुलांचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपासच होते. आणि वाचनाचे काय झाले? तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७ होती. २०२२ मध्ये ती २० वर आली. शाळा पुन्हा नियमित भरू लागल्यानंतर २०२४ च्या पाहणीत हे प्रमाण पुन्हा २७ पर्यंत चढले. घराघरांत मोबाइल वाढत असताना वाचन घसरले, आणि मुले वर्गात परतल्यावर ते सावरले. या एका तुलनेवरून सर्व सिद्ध होते असे नाही. साथीच्या काळात घरची मिळकत, आजारपण, स्थलांतर अशी इतरही कारणे होती. परंतु पर्यायी वस्तू म्हणून जे साधन पुढे केले जाते, त्याने आणीबाणीच्या वेळी मूळ वस्तूची जागा भरून काढली नाही, एवढे तरी त्यातून निश्चित दिसते.

गगनबावड्यासारख्या डोंगरी तालुक्यांत या अडचणीला आणखी पदर होते. येथे दरीत संपर्क मिळत नाही. मुसळधार पावसात वीज गेली की मनोराही मुका होतो. घाटाखालच्या कणकवली तालुक्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने २०२० च्या पावसाळ्यात डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केला, ही वार्ता देशभर गाजली. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण ज्या व्यवस्थेत शिकण्यासाठी मुलीला भर पावसात डोंगर चढावा लागतो, त्या व्यवस्थेचे कौतुक करता येत नाही. शिवाय घरात एकच मोबाइल असेल, तर तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. संध्याकाळी परतला की त्यावर प्रथम हक्क थोरल्या मुलाचा, आणि मुलीची पाळी बहुधा शेवटी येते. साधन घरात असणे आणि ते शिकण्यासाठी हाती मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'घरी स्मार्टफोन आहे' या रकान्यात बरोबरची खूण करणाऱ्या पाहणीत हा फरक बुडून जातो.

त्या काळात जी मुले शिकत राहिली, ती कशी राहिली? राज्यात ठिकठिकाणी शिक्षक वस्तीवर गेले. देवळाच्या सभामंडपात, अंगणात, झाडाखाली दहा-दहा मुलांना अंतरावर बसवून त्यांनी आलेले धडे समजावून दिले. जाळ्याने धडा गावाच्या वेशीपर्यंत आणला. वेशीपासून मुलाच्या मनापर्यंतचे अखेरचे अंतर माणसालाच चालावे लागले.

जाळ्याचे श्रेय

येथपर्यंतचे विवेचन वाचून काही शिक्षकांना समाधान वाटण्याचा संभव आहे. ते समाधान अस्थानी ठरेल. जाळ्याने जे साधले आहे, ते मोकळेपणाने मान्य केल्याखेरीज शिक्षकाला आपली बाजू मांडता येणार नाही.

ज्ञानावरील शिक्षकाची मक्तेदारी मोडली, हे पहिले श्रेय. मार्गदर्शिकेतील उत्तरे फळ्यावर उतरवून देणे आणि मुलांनी ती वहीत उतरवून घेणे, एवढ्यालाच अध्यापन म्हणण्याची सवय आपल्या शाळा-महाविद्यालयांत खोल रुजली होती. हे काम मोबाइल अधिक चांगले करतो, आणि तेच ज्यांचे सर्वस्व होते त्यांना पर्याय सापडला याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. दुसरे श्रेय अंतराचे. स्पर्धा परीक्षेचा वर्ग लावण्यासाठी पुण्यात खोली घेऊन राहण्याची ऐपत नसलेल्या तरुणाला तोच वर्ग घरी मिळू लागला. कोल्हापूरला रोज जाण्याची परवानगी ज्या मुलीला घरातून मिळत नाही, तिच्यापुढे एक दार उघडले. तिसरे श्रेय परस्परांकडून शिकण्याचे. वर्गात प्रश्न विचारण्यास संकोचणारा मुलगा समवयस्कांच्या गटात तोच प्रश्न बिनदिक्कत विचारतो, आणि दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःही शिकतो.

मुले आपापसांत किती शिकू शकतात याचा गाजलेला दाखला भारतातीलच आहे. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात डॉ. सुगत मित्र यांनी झोपडपट्टीलगतच्या भिंतीत एक संगणक बसवून तो मुलांसाठी खुला ठेवला. कोणी न शिकविता मुलांनी तो चालविण्याचे तंत्र आपसांत आत्मसात केले. २०१३ मध्ये मित्र यांना 'टेड' या संस्थेचे दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले, ते या विचाराच्या विस्तारासाठी. शिक्षकाविना शिक्षण शक्य आहे, असा निष्कर्ष अनेकांनी त्यातून काढला.

परंतु याच प्रयोगमालेतील पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. तामिळनाडूतील कलिकुप्पम या खेड्यात मुलांना जीवशास्त्राचा अवघड विषय संगणकावर खुला करून देण्यात आला. मुले काही अंशी स्वतः शिकली, पण एका मर्यादेनंतर त्यांची प्रगती थांबली. मग एका प्रौढ व्यक्तीला त्यांच्याजवळ बसविण्यात आले. तिला विषय येत नव्हता. ती मुलांचे कौतुक करी, 'हे कसे काय केलेत?' असे विचारी. एवढ्याने मुलांचे गुण दिल्लीतील चांगल्या खासगी शाळेतील मुलांच्या बरोबरीला आले. पुढे २००९ पासून मित्र यांनी इंग्लंडमधील स्वयंसेवकांना, ज्यांत अनेक निवृत्त शिक्षक होते, इंटरनेटवरून भारतातील मुलांशी बोलते केले. शिक्षकाविना शिक्षणाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ताही शेवटी मुलाजवळ माणूस हवा, या निष्कर्षाशी आला.

यावर शासनाचा हिशेबनीस लगेच म्हणेल की, मग जवळ बसण्यासाठी अल्प मानधनावरचा मदतनीस पुरे. पूर्ण वेतनाचा शिक्षक कशासाठी? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. कौतुकाने मूल पुढे जाते, हे खरे. पण ते चुकीच्या वाटेने पुढे जात असेल, तर ते ओळखण्यासाठी वाट माहीत असलेला माणूस लागतो. जाळ्यावर बरोबर आणि चूक एकाच ठशात, एकाच आत्मविश्वासाने मांडलेले असते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन तर चुकीचे विधानही इतक्या सफाईदार मराठीत करते की, भाषेच्या सफाईलाच विद्यार्थी सत्याचा पुरावा समजतो. त्याची चूक त्याच्याच गटातील दुसरा विद्यार्थी दाखवील, अशी आशा करता येते. पण सर्वांनी एकाच ठिकाणाहून उत्तर घेतले असेल, तर सर्वांची चूक एकच असते.

विपुल काय, दुर्मीळ काय

अर्थशास्त्राचा एक साधा नियम असा की, जी वस्तू विपुल होते तिचे मोल उतरते आणि तिच्याबरोबर लागणाऱ्या दुर्मीळ वस्तूचे मोल चढते. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच दाखवून दिले होते की, माहिती विपुल झाली की अवधान दुर्मीळ होते. कारण माहिती जे खाऊन जगते ते अवधानच असते. आज गगनबावड्याच्या विद्यार्थ्याला माहिती कमी नाही. त्याला अवधान टिकविता येत नाही, क्रम लावता येत नाही, आणि कशावर विश्वास ठेवावा हे ठरविता येत नाही.

याचे दोन पुरावे बोलके आहेत. अमेरिकेतील हार्वर्ड आणि एमआयटी या नामांकित संस्थांनी आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुले केले. त्यांच्या आकडेवारीच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, नाव नोंदविणाऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिक लोक अभ्यासक्रमाचे पहिले पानही उघडत नाहीत, आणि २०१७-१८ मध्ये तो पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम ३ टक्के होते. शिकविणारे जगातील उत्तम प्राध्यापक, किंमत शून्य, आणि तरीही शंभरांतील सत्त्याण्णव वाटेतच थांबले. दुसरा पुरावा घरचा. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात मोबाइलचा उपयोग अभ्यासासाठी केला होता. समाजमाध्यमांसाठी तो ७६ टक्क्यांनी केला होता. एकाच पडद्यावर धडा आणि करमणूक शेजारी-शेजारी मांडल्या, तर सोळा वर्षांचे मूल काय निवडील, हे सांगण्यास पाहणीचीही गरज नव्हती.

म्हणूनच जाळे आणि शिक्षक या पर्यायी वस्तू नसून पूरक वस्तू आहेत. जाळे जितके स्वस्त आणि विस्तृत होईल, तितकी निवडणाऱ्या, क्रम लावणाऱ्या, चूक पकडणाऱ्या माणसाची गरज वाढेल. ज्या घरात आई-वडील शिकलेले असतात, तेथे हे काम घरीच काही अंशी होते. धनगरवाड्यावरील मुलाला ते करणारा शिक्षकाखेरीज दुसरा कोणीच नसतो. त्यामुळे शिक्षकाची गरज शहरापेक्षा डोंगरात अधिक आहे. पद कमी करण्याचा विचार मात्र प्रथम डोंगरातच होतो.

शिक्षकाचे बदललेले काम

मग शिक्षकाने करावयाचे काय? पाठ सांगणे हे त्याचे मुख्य काम राहिलेले नाही, हे प्रथम स्वीकारले पाहिजे. त्याचे पहिले काम निवडीचे. एकाच घटकावर शेकडो चित्रफिती उपलब्ध असताना आपल्या वर्गाच्या तयारीला कोणती मानवेल, कोणती आधी आणि कोणती नंतर पाहावी, हे ठरविणे ज्याने त्या मुलांच्या वह्या तपासल्या आहेत त्यालाच जमते.

दुसरे काम प्रश्नाचे. उत्तर सर्वांच्या खिशात असताना प्रश्न विचारण्याचे कौशल्य हीच खरी विद्या होय. 'किमान आधारभूत किंमत म्हणजे काय?' या प्रश्नाचे उत्तर मोबाइल क्षणात देतो. पण 'तुमच्या घरचे भात गेल्या हंगामात कोणाला विकले, काय भावाने विकले, आणि आधारभूत किमतीपेक्षा तो भाव कमी असल्यास का विकावे लागले?' या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही जाळ्यात नाही. ते शोधण्यासाठी विद्यार्थ्याला घरी विचारावे लागेल, शेजाऱ्याकडे जावे लागेल, आणि मिळालेली माहिती पुस्तकातील सिद्धांताशी ताडून पाहावी लागेल. शहरांत नाचणीची पौष्टिकता वाखाणली जात असताना डोंगरातील नाचणीचे क्षेत्र का आटते? ऊन-पाऊस सोसून पिकविणाऱ्या घरातील मुलगा गाव सोडून शहरात अल्प पगाराची नोकरी का पत्करतो? असे प्रश्न घेऊन विद्यार्थी जाळ्याकडे गेला, तर जाळे त्याचे साधन होईल. प्रश्नावाचून गेला, तर तो जाळ्याचे भक्ष्य होईल.

तिसरे काम मागे पडलेल्यांचे. जाळ्यावरील गट चपळ मुलांना आणखी पुढे नेतो. जो बोलत नाही, ज्याच्याकडे साधन नाही, जो आठवडाभर दिसला नाही, त्याची चौकशी गट करीत नाही. हजेरीपटावरील नाव पुकारून उत्तर न आल्यास 'तो का आला नाही?' असे विचारणारी व्यवस्था आजही फक्त शाळेतच आहे.

हे सर्व काल्पनिक नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा वापर केल्याबद्दल त्यांचे नाव झाले. परंतु कोडच्या आधीची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मुलांची घरची भाषा कन्नड आहे आणि पुस्तक तिच्यात नाही, हे लक्षात आल्यावर ते स्वतः ती भाषा शिकले. तंत्र नंतर आले; मूल का अडले आहे हे ओळखणारा माणूस आधी आला होता.

हिशेब कोठे चुकतो

आता हिशेबाकडे वळू. २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याची कल्पना पुढे आणली. राज्यात अशा शाळांची संख्या त्या वेळी १४ हजारांहून अधिक होती. दर विद्यार्थ्यामागील खर्च काढला तर लहान शाळा महाग दिसते, यात शंका नाही. पण गगनबावड्यात ओढ्याला पूर आला की पलीकडच्या गावची शाळा नकाशावर कितीही जवळ असली तरी मुलाला लांबच असते. तो खर्च शासनाच्या वहीत दिसत नाही, तो पालकाच्या वहीत जातो. आणि पालकाला तो पेलला नाही, की मुलीचे शिक्षण थांबते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक देण्याचे मान ठरविले आहे, ते याच जाणिवेने. 'ऑनलाइन तासिका आहेत' ही सबब या मानाला उत्तर होऊ शकत नाही.

महाविद्यालयांची स्थिती निराळी नाही. केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे अध्ययनपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम विद्यार्थ्याला त्याद्वारे पूर्ण करता येतात. ग्रामीण महाविद्यालयात जे विषय शिकविण्याची सोय नाही, ते विद्यार्थ्याला मिळावेत हा हेतू स्तुत्य आहे. मात्र महाविद्यालयीन पदे कार्यभारावर, म्हणजे तासिकांच्या संख्येवर ठरतात. तासिका जाळ्यावर गेल्या की कार्यभार घटतो, कार्यभार घटला की पद जाते, आणि उरलेले काम तासिका तत्त्वावरील अध्यापकाकडून तुटपुंज्या मोबदल्यात करून घेतले जाते. जो अध्यापक दोन-तीन महाविद्यालयांत धावून पोट भरतो, त्याला विद्यार्थ्याची वही निवांतपणे पाहण्यास वेळ कोठून मिळणार? पूरक वस्तूला पर्यायी वस्तू मानल्यामुळे होणारी ही चूक आहे.

खासगी क्षेत्र ही उणीव भरून काढील, या भरवशालाही तडा गेला आहे. 'बायजूज' या शिक्षणकंपनीचे मूल्यांकन २०२२ मध्ये सुमारे २२ अब्ज डॉलर होते. जुलै २०२४ मध्ये तिच्या मूळ कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. भांडवलाच्या भरतीबरोबर येणारी शिकवणी ओहोटीबरोबर निघून जाते. गावची शाळा अशी चंचल असून चालत नाही.

यासाठी काही गोष्टी तातडीने होणे आवश्यक आहे. जाळ्यावरील प्रत्येक अभ्यासक्रमासाठी महाविद्यालयात मार्गदर्शक अध्यापक नेमला जावा आणि त्याच्या मार्गदर्शनाचे तास कार्यभारात धरले जावेत. कमी पटाच्या डोंगरी शाळांतील शिक्षकसंख्या केवळ पटावर न ठरविता अंतर आणि पावसाळ्यातील वाहतूक यांचा विचार करून ठरविली जावी. शिक्षकाच्या हातातील मोबाइलवर आज माहिती भरण्याचा जो भडिमार होतो, तो कमी व्हावा. शिकविण्यासाठी आलेले साधन रकाने भरण्यातच झिजत असेल, तर दोष साधनाचा नव्हे. आणि परीक्षेचे स्वरूप बदलावे. पाठ केलेले उत्तर मागणारी प्रश्नपत्रिका जोवर कायम आहे, तोवर विद्यार्थी उत्तरेच गोळा करीत राहतील, आणि शिक्षकही उत्तरेच पुरवीत राहील. या शेवटच्या सुधारणेसाठी पैशाची नव्हे, इच्छेची गरज आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. त्या काळीही खर्चाचा प्रश्न होता. संस्थान काही श्रीमंत नव्हते. पुस्तक छापून गावोगाव पाठविणे शिक्षक नेमण्यापेक्षा तेव्हाही स्वस्तच पडले असते. महाराजांनी तो मार्ग धरला नाही. गावोगाव शाळा काढून तेथे शिक्षक बसविण्याचा खर्चाचा मार्ग त्यांनी पत्करला. त्या संस्थानाच्या पश्चिम टोकाला असलेल्या डोंगरी मुलखात आज पुस्तकाऐवजी जाळे पोचले आहे, आणि ते पोचले याचा आनंदच मानला पाहिजे. मात्र जाळे पोचले म्हणून तेथला शिक्षक काढून घेतला, तर शंभर वर्षांपूर्वीच्या संस्थानाला जे कळले होते, ते आजच्या राज्याला कळले नाही, असा त्याचा अर्थ होईल.